त्या दिवशी जेवायला काय होतं?

निकमसाहेब गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून संपवली. मग भाजी धुतली, चिरली, फोडणीला टाकली. रडूबिडू काही आलं नाही. अकरा वर्षं ज्या माणसाच्या केबिनबाहेर बसले, ज्याचा शब्द न् शब्द कागदावर उतरवला, तो माणूस गेला आणि मी भाजीत मीठ टाकलं की नाही एवढंच आठवत बसले होते. मीठ दोनदा पडलं होतं. घरातल्यांनी मुकाट्याने खाल्लं.

आठवड्याने गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये शोकसभा झाली. निवृत्त अधिकाऱ्यांची असते तशी. हार घातलेला फोटो, पांढरी चादर टाकलेलं टेबल, बाहेर चहाचा थर्मास. एकेक जण उठून बोलला. शिस्तप्रिय. निष्कलंक. मनमिळाऊ. साहेब मनमिळाऊ अजिबात नव्हते, पण असू दे. कचेरीतल्या निरोपसमारंभांची भाषणं मीच तर टाईप करून द्यायचे. साचा एकच, नाव तेवढं बदलायचं, त्यामुळे पुढचा शब्द कुठला येणार ते मला आधीच कळत होतं. शेवटी कोणीतरी म्हणालं, "साळवेबाई, तुम्ही साहेबांच्या स्टेनो होतात, दोन शब्द बोला." मी उठले. "साहेब वाचून घेतल्याशिवाय कशावरही सही करत नसत," एवढं म्हटलं आणि बसले. लोकांना वाटलं, बाईंना गहिवरून आलं. कसलं गहिवरून! पुढचं वाक्य तिथे बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून बसले.

साहेब कळवण तालुक्यातल्या एका खेड्यातले. तलाठी म्हणून लागले आणि परीक्षा देत, बढत्या घेत अपर जिल्हाधिकारी झाले. तलाठ्याचा अपर जिल्हाधिकारी होणं म्हणजे काय, हे आमच्या महसूल खात्यातल्या माणसालाच कळेल. अंगाने काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, वर्षानुवर्षं एकच काळा पट्टा. सकाळी आले की खिशातून फडकं काढून टेबल स्वतः पुसायचे. शिपाई बिचारा ओशाळून बाजूला उभा राहायचा. पाठकोरे कागद फेकलेले त्यांना चालायचे नाहीत. आमच्या अख्ख्या शाखेने अकरा वर्षं कच्चं काम पाठकोऱ्या कागदांवरच केलं. एकदा मी नवीन कागद काढला तर म्हणाले, "बाई, हा काय तुमच्या लग्नाचा अहेर आहे का?" माझं लग्न होऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

त्यांची खरी खोड म्हणजे "वाचा." आदेश असो, टिपणी असो, नाहीतर दोन ओळींचं साधं स्मरणपत्र असो, ते तोंडी सांगणार, मी टाईप करून आणणार, आणि मग म्हणणार, "वाचा बाई." मी उभं राहून मोठ्याने वाचायचं. ते डोळे मिटून ऐकणार. चष्मा काढून टेबलावर ठेवलेला. मध्येच बोट वर झालं की थांबायचं. "हे त्या माणसाला कळेल का?" असं विचारायचे. मी "कळेल सर" म्हटलं की म्हणायचे, "तुम्हाला कळेल हो. तुम्ही रोज हेच खाता. त्याला कळेल का?" मग वाक्य मोडायचं, पुन्हा टाईप, पुन्हा वाचन. एकदा लाईट गेली होती, मंत्रालयातून फोनवर फोन येत होते, आणि मी मोबाईलच्या उजेडात चौदा पानांचा आदेश वाचत उभी. माझे पाय भरून आले होते. मनात साहेबांना काय काय म्हणत होते ते लिहीत नाही. पण सवय लागली ती लागलीच. अजून मी विजेचं बिलसुद्धा ओठ हलवत वाचते.

दुसरी खोड सुनावणीतली. त्यांच्याकडे जमिनीच्या नोंदींवरची अपिलं चालायची, आणि त्यातली निम्मी असायची बहिणींची. बापाच्या जमिनीत बहिणीचाही हिस्सा असतो. पण ती लिहून देते, मला काही नको, सगळं भावांना राहू दे. त्याला हक्कसोड म्हणतात. सातबारावरून तिचं नाव जातं. पुढे नवरा जातो, सासरचे हात वर करतात, माहेरी भावजयीची नजर बदलते आणि मग ती अपील करते की मला फसवून अंगठा घेतला. वकील म्हणतो, वीस वर्षं झोपली होती का? कायदा वकिलाच्या बाजूने असतो. मुदत कधीच उलटून गेलेली असते.

साहेब अशा वेळी वकिलांना गप्प बसवायचे. बाईला पुढची खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं. मग विचारायचे, "अंगठा दिला त्या दिवशी जेवायला काय होतं?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी पेन्सिल थांबवून वर बघितलं. समोर दिंडोरीकडची एक म्हातारी बसली होती, हातात पिशवी घट्ट धरून. तिनेही वकिलाकडे बघितलं.

"वकिलाकडे नको बघू आजी. जेवायला काय होतं ते सांग."

"पुरणपोळी व्हती साहेब. आन् भजी."

"रोज पुरणपोळी असायची का तुमच्याकडे?"

"रोज कशी आसंल? भावानं बोलावलं व्हतं ना. लुगडं बी घेतलं."

"आणि मग कचेरीत कधी गेलात?"

"दुसऱ्या दिशी. सकाळच्याच मोटारीनं."

भावाचा वकील उठला. "साहेब, जेवणाचा आणि या प्रकरणाचा संबंध काय?" साहेब म्हणाले, "आहे. तुम्ही बसा." आणि मला आदेश सांगितला : मजकूर समजावून सांगितल्याचं दिसत नाही, विलंब माफ करण्यात येतो, अपील दाखल करून घेण्यात येत आहे. म्हातारीला काहीच कळलं नव्हतं. साहेबांनी तिच्यासमोर ते तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा साध्या भाषेत, माझ्याकडूनच. मग ती माझ्याच पाया पडायला लागली. अगं बाई, मी काय केलं, म्हणून मी मागे सरकले.

असं किती वेळा झालं त्याला गणती नाही. पुरणपोळी, मटण, शिरा, एकीने तर सांगितलं, गुलाबजाम होते, पाकिटातले. वकील मंडळी बाररूममध्ये टिंगल करायची, निकमसाहेबांच्या कोर्टात जाताना मेनू पाठ करून जा म्हणून. पण बहिणींच्या बाजूने निकाल लागायचे. त्या मागच्या जिन्याने उतरताना पदराने डोळे पुसायच्या आणि साहेब वर पुढची फाईल मागवायचे. मला तेव्हा साहेबांचा अभिमान वाटायचा. नाही कशाला म्हणू?

एकदा मलाच विचारलं. दुपारची वेळ, काम नव्हतं. "बाई, तुम्ही दिली का हक्कसोड?" आमचं घर नाशिक रोडला, वडील नोटांच्या प्रेसमध्ये कामाला होते, त्यांनी बांधलेल्या दोन खोल्या. मी म्हटलं, "दिली ना सर. भावाला."

"त्या दिवशी जेवायला काय होतं?"

"मटण," मी म्हणाले, "पण वाचून सही केली सर. तो कागद मीच टाईप केला होता."

साहेब हसले. अकरा वर्षांत त्यांना मोठ्याने हसताना मी दोनदाच पाहिलं, त्यातलं हे एक. मग हसू थांबल्यावर म्हणाले, "टाईप करताना हात थांबला होता का?" मी म्हटलं, "नाही सर, कामाची सवय."  मी त्याचा नंतर कधी विचार केला नाही, करायचा नाही असंच ठरवलं असेल.

साहेबांना निवृत्तीला दीड वर्ष राहिलं असताना ती फाईल आली.

टपालातून आली तशी मी उघडली, पानांना नंबर घालायला लागले. खालच्या कचेरीत मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळलेलं अपील, कळवणकडचं. नेहमीचंच. मागे जुन्या जबाबाची झेरॉक्स लावलेली. ती बघितली आणि आधी वाटलं, साहेबांचा एखादा कागद चुकून यात आला. कारण अक्षर साहेबांचं होतं. तरुणपणाचं, जरा जास्त नेटकं, पण त्यांचंच. ते अक्षर मी झोपेतही ओळखलं असतं. मग पहिलं पान उलटून नावं पाहिली. अपील करणारी यमुनाबाई. समोरचे दोघे भाऊ निकम, आणि त्यातले पहिले आमचे साहेब.

धाकटा भाऊ गावी शेती करायचा. त्याने खालच्या कचेरीची नोटीस दोघांच्या वतीने घेऊन परस्पर वकील लावला होता. साहेबांना पत्ताच नव्हता.

मी फाईल आत नेली. म्हटलं, "सर, ही तुम्ही स्वतः बघा."

"मी स्वतः कधी बघतो का? वाचा."

"सर..."

"वाचा बाई." चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले.

मग मी वाचलं. दुसरं काय करणार? "मी, यमुनाबाई, लिहून देते की, वडिलांच्या जमिनीत मला हिस्सा नको आहे. माझे दोन्ही भाऊ माझा सणवार करतात. मी हे राजीखुशीने लिहून देत असून माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे." खाली अंगठा. त्याच्याखाली 'लिहिणार' म्हणून साहेबांची सही.

"शेवटची ओळ पुन्हा वाचा."

"मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे."

"पुन्हा."

मी पुन्हा वाचली. मग ते डोळे न उघडता म्हणाले, "आखाजीच्या सणाला आली होती अक्का. मला नोकरी लागून वर्ष झालं नव्हतं. आईने मांडे केले होते. खापरावरचे, आणि आमरस. संध्याकाळी सगळ्या माहेरवाशिणींबरोबर झोक्यावर बसली, गाणी म्हटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद पुढे केला. ती म्हणाली, काय आहे रे भाऊ हे? मी म्हटलं, सरकारी काम आहे, दे अंगठा. तिने दिला." मग म्हणाले, "सगळेच असं करायचे. कसं करायचं ते मला वडिलांनी शिकवलं नव्हतं. मी कचेरीत शिकलो."

मी तशीच उभी. इतकी वर्षं तो प्रश्न कुठून येत होता ते कळलं. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मला दिंडोरीची म्हातारी आठवली.

"लिहून घ्या," साहेब म्हणाले. आवाज नेहमीचाच. "सदर प्रकरणात मी स्वतः पक्षकार असल्याने ते दुसऱ्या अधिकाऱ्याकडे वर्ग करण्यात यावे, ही विनंती." मी टाईप करून आणलं, वाचून दाखवलं, त्यांनी सही केली. मग डबा उघडला आणि रोजच्यासारखा सगळा संपवला. मी खिडकीच्या काचेतून बघत होते.

दुसऱ्या अधिकाऱ्यापुढे सुनावणी होती त्या दिवशी साहेबांनी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकली. तो अर्जही मीच टाईप केला. कारण : खाजगी काम. सुनावणी त्याच इमारतीत, दोन मजले खाली. मी फाईलचं निमित्त काढून तिथे जाऊन उभी राहिले. कशासाठी, तर साहेब काय बोलतात ते ऐकायला. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. तिला वाचून दाखवलं नव्हतं. लिहिणाऱ्यानेच असं सांगितलं की संपलं. मुदत, विलंब, सगळं बाजूला पडलं असतं. साहेबांनीच तसे किती आदेश दिले होते.

त्या अधिकाऱ्याने साहेबांना आपल्या शेजारी खुर्ची देऊ केली. साहेबांनी नाही म्हटलं आणि पक्षकारांच्या बाकावर बसले. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला अक्का. उन्हाने काळवंडलेली, हाताला कांद्याच्या कामाच्या भेगा. नवरा गेल्यावर दिराने घराबाहेर काढलं, तेव्हापासून कळवणला मुलीकडे भाड्याच्या खोलीत. मुलगी संगीता अंगणवाडीत कामाला. हातभर जागा नावावर नाही, म्हणून त्या पोरीनेच आईला अपील करायला लावलं होतं. धाकटा भाऊ आलाच नव्हता. भावांच्या वकिलाने मुदतीचं सगळं वाचून दाखवलं. मग अधिकाऱ्याने अदबीने विचारलं, "सर, आपल्याला काही सांगायचं आहे?"

साहेब उठले. अक्का त्यांच्याकडे बघत होती. रागाने नाही. शाळेत आपलं पोर कविता म्हणायला उभं राहिलं की आई बघते तशी.

"रेकॉर्डवर आहे त्यापेक्षा मला वेगळं काही सांगायचं नाही," साहेब म्हणाले आणि बसले.

अपील फेटाळलं गेलं. बाहेर व्हरांड्यात संगीता साहेबांच्या समोर येऊन उभी राहिली. "मामा, दुसऱ्यांच्या बहिणी तुम्हाला दुवा देतात म्हणे," एवढंच म्हणाली. अक्काने तिचा हात धरून तिला ओढत नेलं. साहेब जिना चढून वर आले, अर्धी रजा संपायला वीस मिनिटं होती, तेवढा वेळ खुर्चीवर न बसता खिडकीशी उभे राहिले. मग फाईल मागवली. मला इतका राग आला होता की मी त्या दिवशी त्यांच्याशी कामापुरतंही धड बोलले नाही. त्यांना ते कळलं. दोन दिवसांनी आपणहून म्हणाले, "धाकट्याची दोन्ही पोरं त्याच जमिनीवर आहेत बाई." मी टपालाला नंबर घालत राहिले. "आणि खरं सांगायचं तर घाबरलो. शेवटची दीड वर्षं राहिली होती. पेपरात नाव आलं असतं." मी म्हटलं, "हो सर." दुसरं काय म्हणायचं?

त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्यांनी कुठल्याही बाईला जेवणाचं विचारलं नाही. बहिणींची अपिलं येत राहिली. साहेब कागद बघायचे, मुदत बघायचे, आदेश सांगायचे. कायद्याने एकही चुकीचा नव्हता. मी वाचायचे, ते डोळे मिटून ऐकायचे, पण बोट वर व्हायचं नाही. वकील खूश झाले. मीही हळूहळू काही वाटून घेणं थांबवलं. निरोपसमारंभाचं भाषण मीच टाईप केलं. नाव तेवढं बदललं.

निवृत्तीनंतर वर्ष-दीड वर्षाने त्यांचा फोन आला. तोवर मीही निवृत्त होऊन घरी बसले होते. "बाई, एक बक्षीसपत्र करायचंय. माझ्या वाट्याची जमीन अक्काच्या नावे. टाईप कराल?" त्यांची बायको आधीच गेली होती, मुलगा परदेशात. त्याला विचारलं का म्हटलं, तर म्हणाले, "त्याला गावाचं नाव धड घेता येत नाही, तो कशाला हरकत घेईल?" मी मसुदा टाईप केला. चार वेळा वाचून दाखवला, त्यांच्या गंगापूर रोडच्या बंगल्यात. चारही वेळा बोट वर झालं. अगदी सोपा झाला तो मसुदा, पहिलीतल्या पोराला कळेल असा. मग म्हणाले, "आखाजीला जाऊ. वाचून तुम्ही दाखवा. दुसऱ्या दिवशी नोंदणी कचेरीत जाऊन तिचा अंगठा." मला म्हणावंसं वाटलं की सर, दुसरा कुठलाही दिवस घ्या. म्हटलं नाही.

भाड्याची गाडी करून गेलो. कळवणला पोचलो तेव्हा दहा वाजले होते. एक खोली, पुढे पत्र्याचा आडोसा. आडोशात चुलीवर खापर उलटं घातलेलं आणि अक्का हातावर मांडा मोठा करत होती. आम्ही येणार हे तिला संगीताने सांगितलं होतं.

"ये भाऊ. बरा शे ना?" ती म्हणाली. हातातला मांडा खापरावर टाकला, हात पुसले आणि आमच्यासमोर येऊन बसली. कोर्टबिर्ट काही झालंच नाही अशा चेहऱ्याने.

मी मसुदा वाचला. उभी राहूनच, सवयीने. साहेबांनी डोळे मिटले नाहीत, ते अक्काकडे बघत होते. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कळलं का अक्का?"

"कळलं. तू मला जमीन देतो."

"तुझीच आहे. उद्या कचेरीत यायचं, अंगठा द्यायचा. बस."

अक्काने आपला उजवा हात मांडीवर ठेवला. त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं. म्हणाली, "नाय भाऊ. दोनदा दिला अंगठा. एकदा तू बोलला म्हणून, एकदा पोरगी बोलली म्हणून. आता नाय द्यायचा कोणाला."

"आई!" संगीता ओरडली. "अगं, तुझं आहे ते. घे ना. आपल्याला घर होईल."

"तुला घ्यायचं तर तू घे. मी मेल्यावर."

साहेब म्हणाले, "अक्का, हे तसं नाही. हे देणं आहे, घेणं नाही."

"मला ठावं हाय रे. वाचलं ना बाईंनी, लय चांगलं वाचलं." मग तिचा आवाज जरा हलला. "मी जमिनीसाठी आले नव्हते भाऊ नाशकाला. पोरीला वाटतं तसं. मला वाटलं, तिथं मोठ्या साहेबापुढं तू एकदा म्हणशील, अक्काला सांगितलं नव्हतं म्हणून. मी तुझं तोंड बघत बसले व्हते." साहेबांनी मान खाली घातली. अक्का उठली. "चला, जेवायला बसा. मांडे गार व्हतील."

 ताटं आली. मांडे, रस, कटाची आमटी, कुरडई. मी मांड्याचा एकच तुकडा मोडला. साहेब जेवत होते. अक्का त्यांच्या समोर बसून वाढत होती आणि ते नाही म्हणत नव्हते. दुसरा मांडा, तिसरा. "अजून अर्धा घे," ती म्हणाली, त्यांनी ताट पुढे केलं. त्यांना मधुमेह होता. संगीता भिंतीला टेकून रडत होती, राग राग करत. मी मसुद्याची घडी घालून पिशवीत ठेवली.

परतीला वणी मागे पडली. मग साहेब एकदम म्हणाले, "बाई, वही आहे का?"

होती. माझ्या पर्समध्ये अजून असते. मी पेन्सिल काढली.

"रोजनामा लिहा." रोजनामा म्हणजे सुनावणीत त्या दिवशी काय झालं त्याची नोंद, कचेरीत रोज लिहायचो तो. "बहीण हजर. भाऊ हजर. मसुदा वाचून दाखवला. बहिणीस समजला. बहिणीने अंगठा देण्यास नकार दिला." मी लिहीत होते. गाडी खड्ड्यातून जात होती, रेघा वाकड्या येत होत्या. "जेवण, मांडे व रस. पोटभर."

मी थांबले. वाटलं संपलं.

"पुढे लिहा. पहिल्या वेळी बहिणीस मजकूर वाचून दाखवला नव्हता. लिहिणार मी होतो."

ते वाक्य तीन वर्षं उशिरा आलं होतं. ऐकायचं तिने, आणि ऐकत होते मी आणि गाडीचा ड्रायव्हर. मला वाटलं आता तरी मला रडू येईल. नाही आलं. हात लिहीत राहिला, कामाची सवय.

"वाचा."

मी वाचलं. साहेबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता, डोळे मिटले होते. शेवटच्या ओळीला बोट वर झालं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला, मी वही दिली, आणि चालत्या गाडीत त्यांनी खाली सही केली.

गंगापूर रोडला बंगल्याच्या फाटकाशी ते उतरले. ड्रायव्हरला म्हणाले, "बाईंना नाशिक रोडला नीट सोडा." मग खिडकीशी वाकून मला म्हणाले, "त्याची एक प्रत अक्काला पाठवा." मी हो म्हटलं. ते फाटक उघडून आत गेले, पाठमोरे, शर्टाच्या बाहीवर आमरसाचा डाग. पावसाळ्यात ते गेले.

प्रत मी पाठवली नव्हती. अक्काला वाचता येत नाही. पोस्टाने पाठवून कोणाच्या हाती पडणार, म्हणून राहून गेलं. शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाशिक रोडहून बस धरली, सीबीएस स्टँडवर बदलली आणि कळवणला गेले. अक्का दारात बसली होती. मी पर्समधून वही काढली आणि उभी राहून तिला वाचून दाखवलं.